घरातलं नववं माणूस

आमच्या सांगलीच्या घरात आम्ही आठजण होतो. आजी, आजोबा, काका, काकू, आई, बाबा, मी आणि माझा धाकटा भाऊ राजू. गावभागातलं जुनं घर. रात्री माजघरात ओळीनं गाद्या पडायच्या आणि प्रत्येकाची जागा ठरलेली असायची. माझी आईच्या उजव्या हाताला, भिंतीकडे. राजूची डाव्या हाताला. ही जागा आम्ही दोघांनी पुष्कळ भांडून मिळवलेली होती.

२००४ च्या गणपतीत आईनं आम्हाला दोघांना जवळ बसवलं आणि सांगितलं, की आपल्याकडे बाळ येणार आहे. राजू तेव्हा पहिलीत होता. त्यानं विचारलं, "त्याला बॉलिंग येईल?" मी पाचवीत होते. मी विचारलं, "ते झोपणार कुठे?"

"माझ्याजवळ. आणखी कुठे?" आई म्हणाली.

मी मनात हिशेब केला. आईला उजवी बाजू एक, डावी बाजू एक. मुलं तीन. हा हिशेब काही केल्या सुटत नव्हता.

तरी दिवाळीपर्यंत सगळं ठीक होतं. मला शाळेत मैत्रिणींना सांगायला एक नवी गोष्ट मिळाली होती. रोज संध्याकाळी आजोबा आमच्याकडून पाढे म्हणून घ्यायचे आणि आई तिथेच बसून भाजी निवडायची. काकू म्हणायची, "जोरात म्हणा गं, बाळाला आत्ताच पाठ होतील." पोटातल्या बाळाला शेवटच्या तीनेक महिन्यांत बाहेरचा आवाज ऐकू येतो, हे खरं आहे. पण आम्हाला तेव्हा ती चेष्टाच वाटायची. एकोणतीसचा पाढा माझा कच्चा होता, म्हणून तो रोज दोनदा.

डिसेंबरात शाळेचं गॅदरिंग होतं. आमच्या वर्गाचे मंगळागौरीचे खेळ होते आणि त्यासाठी परकर-पोलकं हवं होतं. आई शिवणकाम करायची. तिनं आपली एक हिरवी इरकली साडी माझ्यासाठी काढली. धुऊन धुऊन ती अगदी मऊ झाली होती, पण काठ अजून लालभडक होते. तिनं मापं घेतली, कापड बेतलं, कापलंसुद्धा. आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की रक्तदाब वाढलाय, पायांना सूज आहे, आता मशीन बंद आणि झोपून राहायचं.

कापलेलं कापड मशीनवर तसंच पडून राहिलं. काकू म्हणाली, बाजारातून तयार आणू. पण मला तयार नको होतं. सगळ्यांना सांगून झालं होतं ना, की माझी आई शिवतेय म्हणून!

एक दिवस शाळेत तालमीला सगळ्या मुली आपापले कपडे घालून आल्या. मी फ्रॉकवर. घरी आले ती दप्तर फेकूनच. आई माजघरात पडून होती, आजी दिवा लावत होती. मी जोरात म्हणाले, "सगळं त्या बाळामुळे झालंय. मला नकोच आहे ते. येऊच नये आपल्याकडे."

आईनं माझ्याकडे बघितलं, पण ती काही बोलली नाही. आजी मात्र गर्रकन वळली. "तिन्हीसांजेला असं अभद्र बोलू नये! वास्तू तथास्तु म्हणते."

हे वाक्य तुमच्यापैकी पुष्कळांनी घरी ऐकलं असेल. घराची वास्तू म्हणे सारखी 'तथास्तु, तथास्तु' म्हणत असते. आपण वाईट बोललो आणि नेमकं त्याच क्षणी तिनं 'तथास्तु' म्हटलं, तर ते खरं होतं. मुलांनी वाईटसाईट बोलू नये म्हणून मोठ्यांनी काढलेली ही युक्ती आहे. पण त्या वयात मला ती युक्ती वाटत नव्हती. मला तो नियम वाटत होता, आग लागली की भाजतं तसा.

तिसऱ्या रात्री मला जाग आली तेव्हा माजघरातला दिवा चालू होता. आई भिंतीला टेकून बसली होती आणि तिचं डोकं फार दुखत होतं. काका रिक्षा आणायला गेले होते. बाबा मला म्हणाले, "झोप तू." रिक्षा गेली. आजी देवासमोर बसली. राजू गाढ झोपेत. आईची गादी अजून गरम होती, तिच्यावर हात ठेवून मी जागी राहिले आणि एकच गोष्ट माझ्या डोक्यात फिरत राहिली. मी म्हणाले होते, येऊच नये.

सकाळी मिरजेहून बाबांचा फोन आला. आईचं सिझेरियन झालं होतं. मुलगा. पण आठव्या महिन्यात, पूर्ण दिवस भरायच्या सात आठवडे आधी. वजन एक किलो सहाशे वीस ग्रॅम. त्याला पेटीत ठेवलं होतं.

"पेटीत?" राजूनं विचारलं. त्याच्या डोळ्यांपुढे आमची ट्रंक आली असणार. आजोबांनी समजावलं, की ती काचेची असते, आत ऊब असते. पूर्ण दिवसांचं बाळ साधारण अडीच ते साडेतीन किलोचं असतं. हे बाळ लवकर आलंय, त्याच्या कातडीखाली अजून चरबी भरलेली नाही, म्हणून त्याला स्वतःची ऊब टिकवता येत नाही.

आजोबांनी हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी म्हणून जन्म काढला होता. वजन हा त्यांचा विषय. त्यांनी माळ्यावरचा छोटा तराजू काढला. एका पारड्यात एक किलोचं वजन, अर्ध्या किलोचं, शंभर ग्रॅमचं आणि वीस ग्रॅमचं ठेवलं. दुसऱ्या पारड्यात फडक्याची पिशवी ठेवून तिच्यात ज्वारी ओतली. काटा बरोबर झाल्यावर पिशवीचं तोंड बांधून ती माझ्या हातात दिली. "हा बघ तुझा भाऊ."

पिशवी माझ्या दोन्ही तळहातांत मावत होती. मी ती राजूला दिली, राजूनं काकूला दिली. काकूनं पदर डोळ्यांना लावला.

मग तो आमचा रोजचा उद्योगच झाला. संध्याकाळी बाबांचा फोन आला, की आजचं वजन विचारायचं, भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचं आणि तितकी ज्वारी पिशवीत टाकायची. पण टाकायची वेळच येईना. दुसऱ्या दिवशी वजन कमी झालं. तिसऱ्या दिवशी आणखी कमी. चौथ्या दिवशी एक किलो चारशे ऐंशी. एकशे चाळीस ग्रॅम ज्वारी मी माझ्या हातानं पिशवीतून काढली. फार नसते एकशे चाळीस ग्रॅम, तीन-चार मुठी. पण मला ते बघवेना. मी पाढे म्हणायचं बंद केलं. गॅदरिंगला मी गेले नाही. ताप आलाय असं सांगितलं आणि कुणी थर्मामीटर लावून बघितलंही नाही, इतकं घर दुसऱ्याच काळजीत होतं.

त्या रात्री आजीनं मला स्वयंपाकघरात पकडलं. मी ज्वारीच्या डब्यापाशी बसले होते. काढलेली ज्वारी गुपचूप परत पिशवीत टाकत होते.

"काय चाललंय गं?"

मला रडूच फुटलं. मी सगळं सांगून टाकलं. मी म्हणाले होते येऊ नये म्हणून, वास्तू तथास्तु म्हणाली, आणि आता ते जाणार.

आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग ती तिथेच जमिनीवर बसली. गुडघे दुखायचे तिचे, ती सहसा खाली बसत नसे.

"तुझ्या बाबांच्या आधी मला एक मुलगा झाला होता," ती म्हणाली. "असाच आठव्यात. तेव्हा कसली पेटी आणि कसलं काय. कापसात गुंडाळला, जवळ शेगडी ठेवली. वातीनं दूध पाजायचे. नऊ दिवस होता."

मला हे ठाऊकच नव्हतं. घरात कुणी कधी बोललंच नव्हतं.

"त्याचं नाव काय होतं?"

"बारशापर्यंत राहिला कुठे? नाव नव्हतं ठेवलं." आणि मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "त्याच्या वेळी घरात नको म्हणणारं कुणी होतं का? सगळे डोळे लावून बसले होते. कुणी वाकडा शब्द बोललं नव्हतं. तरी तो लवकर आला आणि तरी गेला. मग सांग बघू, ते कुणाच्या बोलण्यानं झालं?"

मला उत्तर देता येईना.

"मीच मूर्ख," आजी म्हणाली. "पोराला भलतंसलतं सांगते." आणि पिशवीत मी टाकलेली ज्वारी तिनं मला परत काढायला लावली. म्हणाली, "वजनात खोटं करू नये. आजोबांना कळलं तर पेठेत नाक कापलं जाईल."

दुसऱ्या दिवशी शहर बसनं आजोबा मला आणि राजूला मिरजेला घेऊन गेले. लहान मुलांना त्या खोलीत सोडत नव्हते. बाहेर एक मोठी काच होती, तिच्यातून बघायचं. आत निळा उजेड पडला होता. पेटीत एक अगदी बारीक, सुरकुतलेलं बाळ उघडंवाघडं झोपलं होतं आणि त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधली होती.

"त्याचे डोळे गेले?" राजू ओरडलाच.

आतल्या सिस्टर बाहेर आल्या. त्यांनी न रागावता सांगितलं, की त्याला कावीळ झालीय. ही मोठ्या माणसांसारखी कावीळ नव्हे. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी जुन्या झाल्या, की त्यांच्यापासून बिलिरुबिन नावाचा पिवळा पदार्थ तयार होतो. तो बाहेर टाकायचं काम यकृताचं. नवजात बाळाचं यकृत कामात नवखं असतं, आणि लवकर आलेल्याचं तर फारच. म्हणून बाळ पिवळं दिसतं. निळ्या उजेडानं कातडीतल्या बिलिरुबिनचं रूप बदलतं आणि ते शरीराबाहेर पडायला सोपं जातं. पट्टी फक्त डोळ्यांना उजेड लागू नये म्हणून. "आणि वजन उतरलं म्हणून घाबरायचं नाही," त्या म्हणाल्या. "सुरुवातीला सगळ्याच बाळांचं उतरतं. अंगातलं पाणी कमी होतं ना. आता चढेल बघा."

या निळ्या उजेडाची हकिगत मी मोठेपणी वाचली, ती इथे सांगायला हवी. १९५६ मध्ये इंग्लंडात एसेक्स परगण्यातल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात वॉर्ड आडनावाच्या एक सिस्टर होत्या. चांगलं ऊन पडलं, की त्या नाजूक बाळांना अंगणात घेऊन जायच्या. एकदा त्यांनी डॉक्टरांना एक बाळ दाखवलं. त्याचं अंग फिकट झालं होतं, पण एक भाग तेवढा पिवळाच राहिला होता. तिथे चादरीचं टोक आलं होतं, ऊन लागलं नव्हतं! त्यावरून शोध सुरू झाला आणि १९५८ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी उजेडाच्या उपचारावर लेख लिहिला. आता कुणी घरच्या घरी बाळाला उन्हात धरून कावीळ उतरवायला जाऊ नये. उजेड किती आणि किती वेळ, ते रक्त तपासून डॉक्टर ठरवतात. पण चादरीच्या टोकाकडे नीट बघणारी ती सिस्टर मला फार आवडते.

त्याच वेळी काचेपलीकडे बाळ रडलं. म्हणजे त्याचं तोंड उघडलं. आवाज इतका बारीक, की दार उघडं होतं म्हणून ऐकू आला. मांजराचं पिल्लू पोत्यात अडकल्यासारखा.

आईला भेटले तेव्हा मी तिलाही सांगितलं. तिनं माझा हात धरला. "तू काय म्हणालीस ते मला आठवतसुद्धा नाही. परकर राहिला एवढं आठवतंय." रक्तदाब फार चढला होता, थांबणं तिला आणि बाळाला दोघांनाही धोक्याचं होतं, म्हणून डॉक्टरांनी बाळाला लवकर काढलं, हे मला बाबांनी बसमध्ये बसवून देताना समजावून सांगितलं. हे जर कुणी पहिल्याच सकाळी सांगितलं असतं, तर माझे पाच दिवस वाचले असते. मोठी माणसं मुलांना काळजी नको म्हणून गप्प राहतात, आणि मुलं स्वतःचं काहीतरी रचून बसतात.

सहाव्या दिवशी वजन वीस ग्रॅमनं वाढलं. ओंजळभरसुद्धा नाही, पण आजोबांनी तराजू असा धरला, जणू सोनं तोलतायत.

मग डॉक्टरांनी आईला एक नवीन गोष्ट शिकवली. बाळाला टोपी, लंगोट आणि मोजे तेवढे घालायचे आणि आपल्या उघड्या छातीशी उभं धरून वरून कापड बांधायचं. कातडीला कातडी. कांगारूच्या पिशवीसारखं, म्हणून कांगारू पद्धत. ही निघाली दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात, बोगोटा शहरात. तिथल्या रुग्णालयात पेट्या कमी आणि बाळं जास्त, एकेका पेटीत दोन-दोन ठेवावी लागत, मग एकाचा आजार दुसऱ्याला. तेव्हा १९७८ मध्ये एडगर रे सानाब्रिया या डॉक्टरांनी आईलाच पेटी करायचं ठरवलं. आईच्या ऊबेनं बाळाचं अंग गरम राहतं, श्वास नीट चालतो, दूधही चांगलं मिळतं. आई दमली तर हे काम बाबासुद्धा करू शकतात. आमच्या बाबांनी केलं. शर्टाची बटणं सोडून, छातीवर बाळ बांधून ते खुर्चीत बसले होते आणि इकडे आजी भेटायला गेली. घरी आल्यावर ती काकूला म्हणाली, "काय ते रूप! पण खरं सांगू का, ह्यांनी कधी आपल्या पोराला मांडीवरसुद्धा घेतलं नव्हतं." आजोबा पेपरात डोकं घालून बसले.

चोविसाव्या दिवशी बाळ घरी आलं. एक किलो आठशे दहा.

घरी आलं ते नियम घेऊनच. बाळाला हात लावायच्या आधी साबणानं हात धुवायचे. सर्दीवाल्यांनी लांब राहायचं. हे खातं माझ्याकडे आलं आणि मी ते इतकं कडक चालवलं, की शेजारच्या काकू आजही भेटल्या, की आधी तळहात दाखवतात. खरी पंचाईत आजीची झाली. तिनं सहाण धुऊन, मुरडशेंग, वेखंड, हळकुंड, जायफळ असं सगळं गुटीचं सामान मांडून ठेवलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, सहा महिने आईचं दूध आणि आम्ही लिहून दिलेले थेंब. बाकी काही नाही. गुटी नाही, मध नाही, पाणीसुद्धा नाही. खोलीत धुरी नाही. डोळ्यांत काजळ नाही.

"आम्ही काय पोरं वाढवली नाहीत?" आजी म्हणाली. आणि म्हणता म्हणता थांबली. मग तिनं सहाण उचलून कपाटात ठेवली. तीट मात्र सोडली नाही. गालाला नाही लावली, तळपायाला लावली. डॉक्टरांना दिसू नये म्हणून वर मोजा चढवला.

आई आणि बाळ मागच्या खोलीत झोपायचे, आजी त्यांच्या सोबतीला. माजघरात माझी जागा होती तशीच होती, भिंतीकडे. रिकामी होती ती मधली, आईची. दोन रात्री आम्ही दोघं दोन टोकांना झोपलो. तिसऱ्या रात्री राजू मधली जागा ओलांडून माझ्याकडे आला आणि पाय माझ्या पोटावर टाकून झोपला. मी त्याला ढकललं नाही.

बाळाला पहिल्यांदा मांडीवर घेतलं तेव्हा मला वाटलं होतं, की काहीतरी एकदम वाटेल, गोष्टीतल्यासारखं. तसं काही झालं नाही. मला भीती वाटली आणि हाताला रग लागली. त्यानं माझं बोट धरलं. पण तान्ह्या बाळाच्या तळहाताला काही लागलं, की ते धरतंच, हे मला सिस्टरनी आधीच सांगून ठेवलं होतं. त्यामुळे मी फुशारून गेले नाही. त्याला एक-सव्वा वीत एवढंच दिसतं, म्हणून मी तोंड खाली नेलं. तो बघत राहिला. मला दुसरं काही सुचेना, म्हणून मी एकोणतीसचा पाढा म्हटला. तो झोपला. आजी म्हणाली, "बघ, ओळखला त्यानं!" मला वाटतं तो दमला असावा. पण पुढे दोन महिने तो रडायला लागला, की घरात हाक व्हायची, "अगं, एकोणतीस म्हण!" असं रोज करता करता कधीतरी तो माझा झाला. तारीख सांगता येणार नाही. कॅलेंडरवर फक्त वजनं लिहिली आहेत.

बाराव्या दिवशी बारसं करता आलं नव्हतं. ते आम्ही फेब्रुवारीत केलं, वजन अडीच किलोच्या वर गेल्यावर. चारच घरची माणसं, खिडक्या उघड्या. आदल्या दिवशी मी मशीनवरची ती कापलेली इरकल काढून आजीकडे नेली. मधे एकदा तिनं ती बाळासाठी मागितली होती आणि मी नाही म्हणाले होते. आजीनं काही विचारलं नाही. काठ बाजूला ठेवला, मऊ भागाची दुपटी केली आणि काठ लावून कुंची शिवली, सुईनं, हातानं.

माजघराच्या कडीला पाळणा टांगला. वरवंट्याला झबलं-टोपडं घालून त्याला पाळण्याखालून आणि वरून फिरवलं. तो कोण, असं राजूनं चारदा विचारलं. मग कोल्हापूरची आत्या पाळण्यात वाकली, बाळाच्या कानाशी 'कुर्रर्र' केलं आणि नाव सांगितलं. केदार. आता आत्याच्या पाठीत बुक्के मारायची पद्धत असते, ते मला माहीत होतं. किती जोरात मारायचे, ते माहीत नव्हतं. मी दोन्ही हातांनी असा धपाटा घातला, की आत्या किंचाळली आणि केदार दचकून जागा झाला.

आणि तो रडला. मांजराच्या पिल्लासारखा नाही. चेहरा लाल करून, मुठी आवळून, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असा. समोरच्या घरातली माणसं खिडकीत आली. आई घाईनं त्याला उचलायला वाकली, मी "एकोणतीस एके" सुरू केलं.

आजीच्या हातात घुगऱ्यांचं ताट होतं. ती तशीच उभी होती.

"थांबा गं जरा," ती म्हणाली. "रडू दे त्याला. ऐकू दे सगळ्यांना."